शंभर वर्षांपूर्वीचा कौटुंबिक प्रवास आणि घरात उरलेल्या त्याच्या खुणा

कृष्णाकाठ:

साधारण १८९० ते १९३० या काळात आपल्याकडची कुटुंबे कुठे जात, कशी जात आणि परतताना काय घेऊन येत, याविषयी आपापल्या घरात जे ऐकले-पाहिले असेल ते एका जागी यावे, म्हणून हा धागा काढत आहे. सुरुवात यात्रेपासून करतो. त्या काळी सामान्य कुटुंबाला घराला कुलूप लावून निघण्यासाठी चारचौघांत मान्य होतील अशी कारणे मोजकीच होती: लग्नकार्य, बाळंतपण, आजोळ आणि देव. हवापालट हा प्रकार डॉक्टराने सांगितला तरच.

काशीयात्रेत एका पिढीच्या अंतरात केवढा फरक पडला, ते पाहण्यासारखे आहे. ‘माझा प्रवास’ लिहिणारे वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले आणि पुढे गंगेची कावड घेऊन कोकणात परतले. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. त्या काळी काशीला निघणारा माणूस निरवानिरव करूनच निघे, कारण तो परत येईल याची खात्री कोणालाच नसे. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली, १८८७ मध्ये काशीजवळ गंगेवर पूल झाला, आणि जो पल्ला महिनोन्‌महिने पायी तुडवावा लागे तो तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर बसून काही दिवसांत पुरा होऊ लागला. माझ्या मते याचा सर्वांत मोठा लाभ बायकांना झाला. एकट्या कर्त्या पुरुषाने करायची यात्रा आता आजी, विधवा आत्या, सुना आणि कडेवरची पोरे यांच्यासह निघू लागली. ‘कुटुंबाचा प्रवास’ म्हणावा असा प्रवास आपल्याकडे बहुतेक घरांत असा सुरू झाला.

आणलेल्या वस्तूंत पहिला मान गंगेच्या गडूचा. आमच्या देवघरात असा एक गडू अजून आहे. तो तांब्याचा, जेमतेम मुठीत मावेल एवढा असून त्याचे तोंड कथलाने झाळून बंद केलेले आहे. झाळलेल्या कडेवर हिरवट थर चढला आहे आणि गडू कानाशी धरून हलवला तर आतले पाणी हलकेच वाजते. असे गडू एका वेळी अनेक आणत. काही भाऊबंदांना आणि शेजाऱ्यांना देत, उरलेले घरी ठेवत. घरात कोणी शेवटच्या घटका मोजू लागले की एक गडू फोडून त्यातले पाणी त्याच्या तोंडात घालत. एकेका मृत्यूबरोबर एकेक गडू कमी होत गेला. आमचा उरला, तो शेवटी माणसे घरी प्राण सोडण्याऐवजी इस्पितळात सोडू लागली म्हणून.

परतल्यावर मावंदे घातल्याखेरीज यात्रा पुरी झाली असे कोणी मानत नसे. गंगापूजन, मग पंगत, आणि पंगतीला आलेल्या प्रत्येकाला तीर्थ. काशीच्या कालभैरवाचे काळे गंडे आळीतल्या सगळ्या पोरांच्या गळ्यांत पडत, बनारसची रंगीत लाकडी खेळणी भाचरांना जात. जी कुटुंबे काशी आणि रामेश्वर अशी जोडयात्रा करत, ती गंगेचे पाणी रामेश्वराला नेऊन वाहत आणि सेतूवरची वाळू परत आणून प्रयागच्या संगमात सोडत. यात्रिकाने स्वतःच्या हौसेखातर स्वतःसाठीच ठेवलेली वस्तू शोधू गेल्यास फार थोडी सापडते. आणलेले बहुतेक सगळे वाटण्यासाठी किंवा कधीतरी वापरून संपवण्यासाठी आणलेले असे.

स्वतःचे नाव मात्र ही मंडळी तिथे ठेवून येत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कोणत्या साली कोण आले, बरोबर कोण होते, आजा-पणजा कोण, मूळ गाव कोणते, हे सगळे यात्रिकाच्याच हाताने लिहिलेले असे. लिहिता न येणाऱ्याच्या वतीने उपाध्याय लिहीत. आज आपण प्रवास घरी आणून ठेवतो. त्या काळच्या प्रवासाची पक्की नोंद घरात राहतच नसे, ती पाचशे कोसांवरच्या एका लांबट वहीत असे, आणि तिच्या आधारे पुढच्या पिढीतला माणूस तिथे गेला की अनोळखी गावात कोणीतरी त्याला त्याच्या पणजोबांचे नाव सांगे.

आपल्याकडे काय आहे, काय होते, ते अवश्य लिहावे.

आगबोट:

उत्तम विषय. यात्रेविषयी आपण लिहिलेले मान्य आहे, परंतु मुंबईत बिऱ्हाड केलेल्या कोकणी कुटुंबांचे वर्ष निराळ्या वेळापत्रकाने चाले. मे महिन्यात शाळा आणि कोर्टकचेऱ्या बंद झाल्या की भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जायचे आणि पावसाळ्यात बोटी बंद होण्याच्या आत परत यायचे, असा तो क्रम होता. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि पुढे पणजी, ही बंदरे आमच्या आजीला पाढ्यांसारखी पाठ होती.

सामान ठरलेले असे: पत्र्याची ट्रंक, सतरंजीत गुंडाळलेली वळकटी, दशम्यांचा डबा आणि फिरकीचा तांब्या. डेकवर आधी जाऊन वळकटी पसरली की ती जागा आपली. यंत्राजवळची जागा उकाड्याची आणि कठड्याजवळची ओकाऱ्यांची, म्हणून मधली जागा धरण्यासाठी घरातल्या तरुण मुलाला धक्क्यावर गर्दीत पुढे घालत. खरी परीक्षा उतरताना होई. बहुतेक बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राही आणि तिथून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरावे लागे. पडाव लाटेबरोबर वर आला की नेमक्या त्या क्षणी पाय टाकायचा, मूल खलाशाच्या हाती आधीच दिलेले, आणि पुढे किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की त्याच खलाशाच्या खांद्यावर बसून कोरडे उतरायचे. नऊवारी नेसलेल्या, आयुष्यात परपुरुषाच्या हाताला हात न लागलेल्या बायकांना लाटांपेक्षा त्या खांद्याचाच संकोच अधिक वाटे, असे आजी सांगत असे.

परतताना आंबापोळी, फणसपोळी, आमसुले, कुळथाचे पीठ आणि नव्या तांदळाचे पोहे येत, म्हणजे दिवाळीपर्यंत खूण म्हणून हाती काही उरत नसे. अपवाद वेंगुर्ल्याला उतरणाऱ्यांचा. ते सावंतवाडीहून लाखेच्या रंगातली लाकडी फळे, ठकी (लाकडी बाहुली) आणि पाट घेऊन येत. आमच्याकडे त्यातले एक सीताफळ आहे. रंग पार उडाला आहे, पण देठाजवळ कातकामाच्या बारीक रेघा अजून स्पष्ट दिसतात.

पायवाट:

आमच्याकडे तो फिरकीचा तांब्या आहे. त्याचे झाकण उलट्या आट्यांचे असल्याने तो अनोळखी माणसाला उघडता येत नाही. हे मुद्दाम केले होते की तांबटाची लहर, ते कळायला मार्ग नाही.

गिरणगाव:

वरील दोन्ही लिखाणांत प्रवासाची खूण बाहेरून घरी येते. गिरणी कामगाराच्या घरी ती उलट दिशेने जाई, याची नोंद असावी म्हणून लिहितो. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला माणूस परळ-लालबागला एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राही, खानावळीत जेवे आणि वर्षातून एकदा, शिमग्याला किंवा गणपतीला, गावी जाई. ही रजा बिनपगारी असे. आपल्या जागी बदली कामगार ठेवून आणि जॉबरची, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाची, मर्जी सांभाळून तो निघे, कारण परत आल्यावर माग तसाच हाती लागेल याची शाश्वती नसे.

त्याच्या ट्रंकेत मुंबई भरलेली असे. आरसा, कंदील, छत्री, मुलांना टोप्या, बायकोला लुगडे, आणि गुंडाळी करून आणलेले एखादे छापील देवाचे चित्र. पुण्याच्या चित्रशाळेची चित्रे १८७८ पासून छापली जात होती. १८९४ मध्ये रविवर्म्यांचा छापखाना गिरगावात निघाला, पुढे तो मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती गावोगावच्या मातीच्या भिंतींवर जाऊन बसल्या. यात्रिकाने पंढरपूरहून आणलेली विठ्ठलाची तसबीर आणि गिरणीवाल्याने आणलेली लक्ष्मी एकाच खिळ्यांच्या ओळीत टांगलेली मी पाहिली आहे.

त्याहून मोलाचे म्हणजे फोटो. आमच्या पणजोबांचा एकच फोटो आहे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कुठल्याशा महालाचे खांब, बाजूला उंच तिवईवर कागदी फुले, अंगात कोट आणि खिशावर घड्याळाची साखळी. कोट स्टुडिओचा होता हे सगळ्या गावाला ठाऊक असणार, कारण त्याच कोटातले आणखी तिघे आमच्याच वाडीत भिंतींवर आहेत. बाह्या पणजोबांना आखूड आहेत. पायांत काही नाही. ते मुंबईला सहलीला गेले नव्हते हे खरे, पण गावच्या दृष्टीने मुंबईची आठवण ती हीच.

शैलगंध:

थंड हवेची ठिकाणे एका ओळीत निकालात काढणे बरोबर नाही. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी पुढे आणले आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची गाडी सुरू केली. त्यानंतर तिथे केवळ साहेब आणि पारशी-बोहरी शेठच जात असत असे नाही. मुंबईचे वकील, डॉक्टर, प्राध्यापक कुटुंबासह महिना महिना राहू लागले. महाबळेश्वरला वाठार स्टेशनवर उतरून टांग्याने वाई, मग पसरणीचा घाट, पाचगणी असे चढत जावे लागे, आणि पुढे मोटारी सुरू झाल्यावर वर जाणाऱ्यांची संख्या वाढली.

मात्र त्यांचे राहणे आजच्या हॉटेलातल्या मुक्कामासारखे नसे. बंगला महिनाभरासाठी भाड्याने घ्यायचा, स्वयंपाकीण, भांडी, डाळ-तांदूळ, पापड-लोणची आणि सोवळ्याची व्यवस्था घरूनच न्यायची. घर जसेच्या तसे उचलून डोंगरावर मांडायचे आणि संध्याकाळी पॉइंटावर जाऊन सूर्यास्त पाहून यायचे, अशी ती चैन होती. आठवणीदाखल वेताच्या काठ्या, मधाच्या बाटल्या आणि चित्रांची कार्डे येत. काठीवर वर्ष कोरून घेण्याची पद्धत आमच्याकडे होती. १९२६ कोरलेली एक काठी आजही दाराआड उभी आहे आणि तिचा उपयोग कुत्री हाकलण्यासाठी होतो.

कृष्णाकाठ:

शैलगंध, तुमची दुरुस्ती रास्त आहे, परंतु संख्येच्या मानाने पाहिले तर पारडे यात्रेकडेच झुकते. बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपुरापर्यंत पोहोचली, त्यानंतर एका आषाढीला जेवढी माणसे तिथे उतरत तेवढी माथेरानच्या गाडीने कैक वर्षांत नेली नसतील. वारीतली माणसे चालत, परतणारी गाडीत बसत, आणि बरोबर बुक्का, तुळशीची माळ, चुरमुरे आणि जमल्यास एखादी घोंगडी असे. पटकीच्या साथीची भीती डोक्यावर असतानाही ही गर्दी हटत नसे.

चंद्रभागा:

पंढरपूरचा उल्लेख आला म्हणून लिहिते. यात्रेत बायका गोंदून घेत, ही आठवण चोरीला जात नसे आणि वाटून द्यावीही लागत नसे. माझ्या पणजीच्या डाव्या हातावर तुळशीवृंदावन होते आणि त्याखाली तिच्या भावाचे नाव. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही असा दंडक असल्याने ते गोंदवायचे धाडस तिला झाले नव्हते. त्या यात्रेला भावानेच नेले होते. गोंदणारीण काजळ पाल्याच्या रसात कालवून सुयांनी टोचत असे आणि टोचताना गाणे म्हणत असे, म्हणजे पोरीचे लक्ष दुखण्यावरून हटावे. म्हातारपणी कातडी सैल पडली तेव्हा वृंदावन एका अंगाला कलले होते, पण अक्षरे वाचता येत होती.

दुसरी गोष्ट गयेची. गयेला श्राद्ध केल्यावर अक्षयवटाखाली आवडीचे एक फळ आणि एक भाजी सोडायची चाल आहे. सोडले ते पुन्हा जन्मात तोंडात घालायचे नाही. पणजीने पेरू सोडला. परसात पेरूचे झाड, पोरे दिवसभर त्यावर, आणि ती मात्र उरलेले सारे आयुष्य पेरू फक्त चिरून, मीठ लावून इतरांच्या हातावर ठेवत राहिली. कोणी नवा पाहुणा तिला फोड देऊ लागला की “मी गयेला सोडलाय” एवढेच म्हणे, आणि त्यावरून हमखास यात्रेची सगळी हकीकत निघे: गाडीत हरवलेले गाठोडे, पंड्यांची ओढाताण, फल्गूच्या वाळूत हाताने उकरून काढलेले पाणी. धाग्यात वस्तूंविषयी विचारले आहे, पण आमच्या घरी त्या प्रवासाची खूण म्हणून जे राहिले ते हे न खाणे. काही धूर्त मंडळी न आवडणारी भाजीच सोडत, असेही ती सांगत असे. तिच्या जावेने कारले सोडले होते.

दगडीचाळ:

यात्रा सर्वांसाठी खुली होती, असा समज या धाग्यातून होऊ नये. दलित वारकरी पिढ्यान्‌पिढ्या पंढरपूरला चालत गेले आणि चोखोबांच्या समाधीपाशीच थांबले. मंदिर त्यांना १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर, खुले झाले. नाशिकला काळारामाच्या दारात १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला. उतरायला जागा मिळणे हाही प्रश्नच होता, म्हणून गाडगे महाराजांनी पंढरपुरात उभी केलेली चोखामेळा धर्मशाळा आमच्या घरातल्या प्रत्येक यात्रेच्या गोष्टीत येते. देवळाच्या आतले वर्णन त्या गोष्टींत नाही. कळस, वाळवंट, दिंड्यांचा गजर आणि धर्मशाळेतली पंगत, एवढेच येते. माळ मात्र घरोघर होती आणि तीच त्यांची आठवण. ती कोणी खुंटीला लावून ठेवली नाही, गळ्यातच राहिली.

कृष्णाकाठ:

दगडीचाळ, ही नोंद आवश्यकच होती. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांविषयी मी वर जे लिहिले, तेही कोणाची नावे त्यांत होती आणि कोणाची नव्हती, हे लक्षात ठेवूनच वाचावे.

काळाकागद:

अनेकांकडे जुनी कार्डे आणि फोटो असतील आणि त्यांवर तारीख नसेल. काळ ठरवण्यासाठी काही खुणा सांगतो, कारण ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ म्हणून दाखवलेला फोटो पुष्कळदा सत्तर वर्षांचाच निघतो.

आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ पासून पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला मिळू लागले आणि १९२२ मध्ये त्याची किंमत अर्धा आणा झाली. त्यामुळे छापील किमतीवरूनही अंदाज बांधता येतो. चित्राचे कार्ड असेल तर तिकिटावरचा राजा पाहावा. व्हिक्टोरिया असेल तर बहुधा १९०२ पूर्वीचे, सातवा एडवर्ड असेल तर त्यानंतरच्या दशकातले, पाचवा जॉर्ज असेल तर १९११ नंतरचे. फार जुन्या चित्रकार्डांची एक पूर्ण बाजू पत्त्यासाठी राखलेली असे, म्हणून मजकूर चित्राच्याच कडेला दाटीवाटीने लिहिलेला दिसतो. मागची बाजू मधल्या रेघेने विभागलेली असेल तर कार्ड त्यानंतरचे समजावे.

मजकूर वाचून फार काही हाती लागत नाही, हेही सांगून ठेवतो. “श्री. कृ. सा. न. वि. वि. आम्ही येथे सुखरूप पोहोचलो. काळजी नसावी. मुलांस आशीर्वाद.” याच्या पलीकडे बहुतेक कार्डे जात नाहीत. समोर ताज्या कोऱ्या निसर्गाचे रंगीत चित्र आणि मागे त्याविषयी अवाक्षर नाही. कार्डाचे काम खुशाली कळवण्याचे होते. अशुभ बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडत, म्हणून कोपरा शाबूत दिसला की घरात कार्ड वाचण्याआधीच जीव भांड्यात पडत असे.

फोटोंच्या बाबतीत आकार पाहावा. कोडॅकचा ब्राउनी १९०० मध्ये एक डॉलरला निघाला. पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा नमुना आला आणि १२० क्रमांकाची फिल्म त्याच्यापासून सुरू झाली. एका रिळात ६ फोटो निघत. अशा पेटीकॅमेऱ्याच्या फोटोंचा बहुधा मोठा आकार करून घेत नसत, निगेटिव्ह कागदावर थेट ठेवूनच छापत, म्हणून साधारण ६ बाय ९ सेंटीमीटरचे ते चिमुकले फोटो आपल्याला दिसतात. ६ म्हणजे ६ हे सगळ्यांच्या डोक्यात पक्के असे. त्यामुळे नुसता डोंगर किंवा नुसता समुद्र कोणी टिपत नसे. माणसे उभी करायची, सूर्य पाठीशी घ्यायचा, हलू नका म्हणायचे. अशा फोटोंत सगळे डोळे किलकिले करून पाहतात ते यामुळे, रागावलेले असतात म्हणून नव्हे.

फोटो अल्बममध्ये काळ्या कागदावर कोपऱ्यांत अडकवलेले असतील तर तसेच राहू द्यावेत. डिंकाने चिकटवलेले असतील तर सोडवण्याच्या भानगडीत पडू नये, पानासकट छायाचित्र घ्यावे.

पायवाट:

कृष्णाकाठ यांस एक विचारायचे आहे. त्र्यंबकेश्वराच्या वहीत आमच्या घराण्याची नोंद आहे असे ऐकतो. ती पाहायची कशी?

कृष्णाकाठ:

आडनाव सांगत गेलात तर सापडणे अवघड, कारण वह्या बहुधा गावाप्रमाणे आणि जातीप्रमाणे लावलेल्या असतात. मूळ गाव, तालुका, आणि आजोबा-पणजोबांची पूर्ण नावे घेऊन जावे. घराणे नंतर दुसऱ्या गावी राहायला गेले असेल तरी जुने गावच सांगावे. तीर्थोपाध्यायांच्या घरांतही वाटण्या झाल्या आहेत, त्यामुळे तुमच्या गावच्या वह्या नेमक्या कोणत्या घराकडे गेल्या हे आधी देवळाजवळ विचारून घ्यावे लागते. एका घरी नाही म्हटले तर त्यांच्याच चुलत्याकडे मिळण्याची शक्यता असते.

जुन्या नोंदी मोडीत असतात. वाचून दाखवणारे उपाध्याय अजून आहेत, तरी मोडी जाणणारे कोणी बरोबर नेता आले तर उत्तम. छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारावी, दक्षिणा मोकळ्या मनाने द्यावी, आणि निघण्यापूर्वी आपली नोंद स्वतःच्या अक्षरात करून सही करावी. बरोबर आलेल्या मुलींची आणि सुनांची नावेही लिहावीत. जुन्या नोंदींत ती फार थोड्या ठिकाणी सापडतात. उपाध्याय पानाच्या तळाशी जागा नाही म्हणाले तर पुढचे पान मागावे, ते देतात.